वजन आणि परसबाग

'वजन' हा शब्द उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. उर्दूत शेराला वजन असते. मिसरा वजनात बसला नाही, तर उस्ताद तो पुन्हा लिहायला सांगतात. मराठीत एखाद्या माणसाचे गावात वजन असते, म्हणजे त्याचा शब्द चार लोक मानतात. ही दोन्ही वजने सर्वांना आवडतात. पण काट्यावर उभे राहिल्यावर जे वजन दिसते, त्याच्याबद्दल बायका सहसा बोलत नाहीत. मी आज त्याच वजनाबद्दल सांगणार आहे आणि माझ्या परसबागेबद्दलही सांगणार आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असे तुम्हांला वाटेल. तो संबंध मलाही हळूहळूच समजला.

आमचे घर गंगापूरला आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव. तालुक्याच्या दक्षिणेकडून गोदावरी वाहते. वाळूजची औद्योगिक वसाहत याच तालुक्यात आहे. मुलांचे अब्बा तेथील एका कारखान्यात कामाला आहेत. घरात आम्ही सहा माणसे आहोत. आम्ही दोघे, माझ्या सासूबाई आणि तीन मुले. सासूबाईंना मुले दादी म्हणतात, म्हणून मीही आता दादीच म्हणते. थोरली मुलगी नववीत आहे, मुलगा सातवीत आणि धाकटी चौथीत.

माझा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. पहिली पाळी असली की कारखान्याची गाडी लवकर येते. त्याआधी डबा तयार लागतो. मग नमाज, पाणी भरणे, मुलांची तयारी, धुणे, भांडी आणि स्वयंपाक. अकरा वाजता मी शिलाई मशीनवर बसते. लग्नसराईत आणि ईदच्या आधी उठायलाही फुरसत नसते. पूर्वी मशीन पायाने चालवावे लागे. काही वर्षांपूर्वी त्याला मोटार बसवली. काम दुप्पट होऊ लागले आणि पाय मात्र जागच्या जागी बसून राहिले.

गेल्या वर्षी गुडघे दुखू लागले, म्हणून मी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी आधी वजन केले, उंची मोजली आणि मग रक्त तपासायला सांगितले. वजन ७२ किलो भरले. उंची १५५ सेंटिमीटर. त्यांनी कागदावर एक गणित करून दाखवले. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. १.५५ चा वर्ग सुमारे २.४. बहात्तरला २.४ ने भागले की ३० येतात. त्या म्हणाल्या, "आपल्या देशातील मोठ्या माणसांसाठी हा आकडा २३ च्या आत असावा. २५ च्या पुढे गेला की त्याला लठ्ठपणा म्हणतात."

रक्ताचा अहवाल आला, तेव्हा त्यात दोन गोष्टी निघाल्या. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा ६.२ होता. हा आकडा ५.७ ते ६.४ च्या दरम्यान असला, तर मधुमेह अजून झालेला नसतो, पण तो दाराशी उभा असतो. दुसरी गोष्ट ऐकून मला नवल वाटले. माझे हिमोग्लोबिन १०.४ होते. स्त्रियांमध्ये ते १२ च्या खाली गेले की रक्त कमी आहे असे मानतात. मी म्हणाले, "बाई, अंगाने मी एवढी भरलेली, मग रक्त कमी कसे?" त्या म्हणाल्या, "पोट भरणे वेगळे आणि पोषण होणे वेगळे. आपल्याकडे पुष्कळ बायकांचे असेच असते." २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही हेच दिसले. देशातील सुमारे चोवीस टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त होते आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होते.

अहवाल घेऊन मी घरी आले, तेव्हा मला माझी अम्मा आठवत होती. अम्माला मधुमेह होता. पायाला एक लहानशी जखम झाली आणि ती भरलीच नाही. आधी अंगठा काढावा लागला, नंतर पाऊल. सगळ्या मोहल्ल्यात धावून जाणारी माझी अम्मा शेवटची तीन वर्षे खाटेवर होती. ती गेली तेव्हा साठीचीही नव्हती. मला साखर नको होती, खाटही नको होती.

वजन कमी करायचे ठरवले आणि सल्ले सुरू झाले. कोणी म्हणाले, सकाळी कोमट पाण्यात लिंबू आणि मध घे. कोणी एका महागड्या पावडरीचे नाव सांगितले. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात फार गाजली होती. एका नातेवाईक बाईंनी तिचा आग्रह धरला. मी डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "लिंबूपाणी प्या, पण त्याने चरबी विरघळत नाही. मध म्हणजेही साखरच. पावडरीचे पैसे भाजीला द्या. आणि जेवणाच्या वेळा आपण तुमचे रक्त पाहून ठरवू, शेजारणीचे पाहून नाही."

दादींना मात्र हे सारेच पसंत नव्हते. त्या म्हणाल्या, "खात्यापित्या घरची सून अशीच दिसते. वाळून काटकी झालीस, तर लोक मला नावे ठेवतील." दादींचे बोलणे मला लागले नाही, कारण त्यांचे बालपण मला ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळात त्या बारा वर्षांच्या होत्या. मराठवाड्यात विहिरी आटल्या होत्या. वडिलांबरोबर त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी रेशनवर मिळे, तिच्या भाकरी त्यांनी खाल्ल्या. ज्यांनी अशी भूक पाहिली, त्यांना भरलेले अंग ही अल्लाची मेहरबानी वाटते. त्यात त्यांचे काय चुकले? भूक हा त्यांच्या काळातला शत्रू होता. आमच्या काळातला शत्रू दुसरा आहे, आणि तो साखरेच्या व तेलाच्या डब्यातून गुपचूप येतो.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडून फार मोठी अपेक्षा केली नव्हती. "वर्षभरात पाच किलो," एवढेच त्या म्हणाल्या. शिवाय रोज अर्धा तास अंग हलले पाहिजे. त्यांनी चेन्नईच्या एका अभ्यासाची गोष्ट सांगितली. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००६ साली प्रसिद्ध केला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसांनी आहार बदलला आणि रोज चालणे ठेवले, तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे अठ्ठावीस टक्क्यांनी घटले.

पाच किलो आणि अर्धा तास! पाच किलोंची मला भीती वाटली नाही, पण अर्धा तास कोठून आणायचा? पहाटे अंधार असतो. संध्याकाळी मोठ्या रस्त्यावर ट्रकची गर्दी असते. शिवाय बाई एकटी चालायला निघाली, की वाटेत प्रत्येक जण विचारतो, "कुठे निघालात?" कुठेच नाही, नुसतीच चालते आहे, हे उत्तर कोणाला पटत नाही.

थोरलीने एक युक्ती केली. तिने एक जुनी वही घेतली आणि आठवडाभर माझी दिनचर्या लिहिली. अम्मी केव्हा उठली, केव्हा बसली, काय खाल्ले, किती चहा प्याली, सारे लिहिले. रविवारी रात्री तिने ती वही सर्वांसमोर वाचली. सकाळी न्याहारी नाही. दुपारचे जेवण साडेतीनला. दिवसात पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. धाकटीच्या ताटातील उरलेला भात, मुलाने टाकलेली अर्धी पोळी, रात्री पातेल्याच्या तळाशी राहिलेले कालवण, हे सारे अम्मीच्या पोटात. अन्न वाया जाऊ नये म्हणून आई ते खाते. ही सवय पुष्कळ घरांत आहे आणि तिच्यामागे अन्नाचा आदरच असतो.

मग आम्ही हिशेब मांडला. एका चमच्यात सुमारे ५ ग्रॅम साखर मावते. दहा चमच्यांची ५० ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात साधारण एवढीच साखर घ्यावी, तीही शक्य तो याहून कमी. माझा सगळा वाटा चहातच संपत होता. तेलाचा हिशेब मुलाने केला. महिन्याला सहा किलो तेल, माणसे सहा. म्हणजे माणशी रोज ३३ ग्रॅम. डॉक्टरीणबाईंनी माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण किलो सांगितले होते. आम्ही महिन्याचे तेल चार किलोंवर आणायचे ठरवले. त्यामुळे माणशी रोज ११ ग्रॅम तेल कमी होणार होते. एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी असतात. म्हणजे रोज प्रत्येकाच्या सुमारे शंभर कॅलरी वाचणार होत्या, आणि कोणालाही उपाशी राहावे लागणार नव्हते.

वही वाचून झाली तेव्हा दादी बराच वेळ गप्प होत्या. नंतर त्या म्हणाल्या, "तुझ्या अम्माला खाटेवर मी पाहिले आहे. सकाळचा चहा आणि मुलांचे आवरणे उद्यापासून माझ्याकडे. तो अर्धा तास तुझा." मुलाने रात्रीची भांडी घासायचे कबूल केले. थोरली रोज कणीक मळण्याआधी प्रत्येकाला विचारू लागली, "पोळ्या किती?" आणि तेवढ्याच पोळ्या होऊ लागल्या. मुलांच्या अब्बांनी पाणी भरण्याचे काम घेतले. दवाखान्यातील कागदावर लिहिलेले औषध मला या घरातून मिळाले.

आता अर्धा तास मिळाला, पण त्यात करायचे काय? घराच्या मागे आमची थोडी रिकामी जागा आहे. लांबी १५ फूट, रुंदी १२ फूट. आपल्याकडे जमीन गुंठ्यांत मोजतात. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. आमची जागा १८० चौरस फूट, म्हणजे गुंठ्याचा जेमतेम सहावा भाग. तेथे तुटके पाट, विटांचे तुकडे आणि गवत होते. मी विचार केला, रस्त्यावर चालण्यापेक्षा येथेच खणावे. खणणे, खुरपणे, पाणी घालणे यांतही अंग चांगले हलते. कुठे निघालात, असे विचारणारेही येथे कोणी नव्हते.

शेजारच्या काकू बचत गटात आहेत. 'उमेद' या सरकारी अभियानाने २०२० साली गावोगावच्या बायकांसाठी पोषण परसबागेची मोहीम काढली होती, तेव्हापासून त्यांना या कामाची गोडी लागली आहे. त्या कुंपणावरून मला सांगत आणि मी खुरपे चालवी. त्यांनीच मला कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचे नाव सांगितले. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार' ही चळवळ उभारली आणि थोड्या जमिनीत, घरचेच खत वापरून कुटुंबाला पुरेल एवढे कसे पिकवावे हे लोकांना दाखवले. ते दहा गुंठ्यांचा हिशेब मांडत. माझ्याकडे एकही गुंठा नव्हता, पण पद्धत तीच होती. भाजीची देठे, साली आणि झाडांची वाळलेली पाने एका खड्ड्यात थर देऊन टाकायची, वर माती पसरायची, ओल ठेवायची. तीन महिन्यांनी त्याचे काळे, भुसभुशीत खत झाले. त्याला मातीचाच वास येत होता.

काकू मला 'भाभी' म्हणतात आणि माझे मराठी सुधारतात. मी 'कोतमीर' म्हणाले की त्या 'कोथिंबीर' म्हणतात. पण बागेत आमचे फारसे अडत नाही. बाग, जमीन, हवा, गुलाब, पुदिना हे शब्द तिचेही आहेत आणि माझेही. एकदा त्या म्हणाल्या, "लिंबाचे कलम आणू." माझी धाकटी आत जाऊन लेखणी घेऊन आली! उर्दूत कलम म्हणजे लेखणी. मराठीत एका झाडाची फांदी दुसऱ्यावर बांधून केलेले रोप, तेही कलमच. काकू खूप हसल्या आणि म्हणाल्या, "राहू दे, बागेचा हिशेब लिहायला लागेल."

खरी अडचण पाण्याची होती. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले. त्याचा नाथसागर आमच्यापासून फार दूर नाही. तरीही उन्हाळ्यात आमच्या घरी पाणी मोजून वापरावे लागते. यावर उपाय दादींनी शोधला. घरात पाच वेळा वुजू होतो. ते पाणी स्वच्छ असते, त्यात साबण नसतो. त्यांनी वुजूच्या जागी एक पसरट टोपले ठेवले. तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले पाणीही त्यात येऊ लागले. संध्याकाळपर्यंत पंधरा लिटरची बादली भरते. मुळाशी वाळलेल्या गवताचे आच्छादन केले, म्हणजे ओल लवकर उडत नाही. दादी म्हणतात, "दुष्काळात आम्ही तांब्याभर पाण्याला चार कामे लावत होतो."

पहिली मेथी महिन्याच्या आत निघाली. पालक त्यानंतर आठ-दहा दिवसांनी आला. धणे पेरताना आधी हलके रगडून त्यांचे दोन भाग करावे लागतात, हे मला काकूंनी शिकवले. पुदिन्याची काडी नुसती ओल्या मातीत खोचली, तरी जगते. दोडक्याचा वेल जुन्या दोरीच्या मांडवावर चढला. मिरचीवर मावा पडला, तेव्हा निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून ती फवारली. एका लिटरला ५० ग्रॅम पूड पुरते.

ही बाग आमचे घर पोसते, असे मी म्हणणार नाही. माणसाने दिवसाला निदान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळे खावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सहा माणसांना ती जवळजवळ अडीच किलो लागतील. माझी बाग चांगल्या दिवसांत अर्धा किलो देते. बाकीची भाजी बाजारातूनच येते. पण बागेने दोन गोष्टी केल्या. ताटात हिरवी भाजी रोज येऊ लागली, कारण जी भाजी आपण वाढवली, ती मुलेही टाकत नाहीत. पालेभाजीवर लिंबू पिळले की तिच्यातील लोह अंगी लागते आणि जेवणाला लागून चहा घेतला की ते वाया जाते, हेही आम्ही शिकलो. दुसरी गोष्ट अशी, की सकाळी सहा ते साडेसहा या वेळेत घरात मला कोणी हाक मारत नाही. अम्मी बागेत आहे, हे सर्वांना माहीत असते.

एक वर्ष झाले. रमजानमध्ये वजन आपोआप उतरेल असे लोकांना वाटते, पण इफ्तारला भजी आणि सरबत असले, तर ते उतरत नाही. यंदा आम्ही तळण आठवड्यातून एकदाच ठेवले. मध्ये दोन लग्ने आणि ईद आली, तेव्हा काटा एक किलो वर गेला आणि पुन्हा खाली आला. आज माझे वजन साडेअडुसष्ट किलो आहे. पाच किलो झाले नाहीत, साडेतीन झाले. साखरेचा आकडा ६.२ वरून ५.९ वर आला. लोहाच्या गोळ्या आणि पालेभाजी यांनी हिमोग्लोबिन ११.६ झाले. गुडघे अजून कधीकधी कुरकुरतात, पण मी आता जमिनीवर बसून उठू शकते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सावकाश चालले आहे, ते उत्तम आहे."

मुलांनो, वजनाचे जे गणित मी सांगितले, ते मोठ्या माणसांसाठी आहे. तुमचे वय वाढीचे आहे. त्या गणिताने स्वतःला मोजू नका, कोणाला जाड म्हणून चिडवू नका आणि बारीक होण्यासाठी उपाशी तर मुळीच राहू नका. करायचेच असेल तर एक काम करा. आपल्या घरी आई केव्हा जेवते, काय जेवते आणि दिवसभरात किती वेळ निवांत बसते, हे आठवडाभर वहीत लिहा. मग ती वही घरातील सर्वांना वाचून दाखवा. पुढे काय करायचे, ते तुमचे तुम्हांलाच सुचेल.

माझ्या पुढच्या वर्षाच्या योजना तयार आहेत. जागेचे सात वाफे करायचे, सात वारांचे सात. पहिला पाऊस पडला की कोपऱ्यात शेवग्याची फांदी लावायची. काकूंनी ती द्यायचे कबूल केले आहे. आमच्या पत्र्याचे छप्पर सुमारे ३० चौरस मीटर आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी मिळते. म्हणजे १० मिलिमीटरची एक सर आली, तर ३०० लिटर पाणी, दीड टिपाड! पन्हळीचा पत्रा मुलांच्या अब्बांनी आणून ठेवला आहे. टिपाडे धुवायचे काम मुलाकडे आहे. उरलेले दीड किलो मात्र मलाच कमी करायचे आहे.